भागीदार क्रमांक दोन

आरोग्य-संशोधनासाठी अनुदान मागायचा अर्ज सुरुवातीला फार निमूट असतो. संस्थेचं नाव, पत्ता, पिनकोड, नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंसेवी संस्थांचं बारसं दोनदा झालेलं असतं, एकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि एकदा १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली. ते दोन्ही दाखले, मग १२ए, ८०जी, दर्पणचा क्रमांक, पॅन, तीन वर्षांचे ताळेबंद असं सगळं हात सवयीनं चढवत जातो आणि कान खाली गल्लीतल्या भाजीवाल्याच्या हाळीकडे असतात. मग केव्हातरी ती चौकट येते. भागीदार संस्था: नाव, स्वरूप, भूमिका आणि सहकार्याचा पूर्वेतिहास. शब्दमर्यादा २५०. इथं हात थांबतो. एका गावच्या माणसांनी दुसऱ्या गावच्या माणसांवर का विसंबावं हे सांगायचं, तेही तक्त्यात मावेल असं, आणि फाइल दोन एमबीच्या वर जाता कामा नये.

मी नांदेडच्या एका लहानशा संस्थेत ही कामं करतो. संस्थेत डॉक्टर आहेत, समाजकार्य शिकलेली पोरं-पोरी आहेत. त्यांना माणसं भेटतात, मला फॉर्म भेटतात. फॉर्मांचाही स्वभाव असतो. काही सरळ असतात, काही तेच चारदा विचारून आपण बदलतो का ते पाहतात. पण भागीदाराची चौकट ही सगळ्यांत हळवी. बाकीच्या चौकटींना माहिती हवी असते, हिला नातं हवं असतं, आणि नात्याचा पुरावा म्हणून लेटरहेड.

या खेपेला आमचा विषय होता रक्त. म्हणजे मुलींच्या अंगातलं कमी पडणारं रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि आधीच्या फेरीपेक्षा आकडा खाली येण्याऐवजी वर गेला. आता मुखेड, कंधार, देगलूर, किनवट अशा तालुक्यांतल्या कितीतरी मुली दहावी झाली की लातूरला जातात. तिथं क्लास असतो, हॉस्टेल असतं, मेस असते आणि दर रविवारी चाचणी असते. पुढं डॉक्टर होऊन लोकांचं हिमोग्लोबिन बघायचं म्हणून या आत्ता स्वतःचं खर्ची घालत बसलेल्या. आमच्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न साधा होता. रक्तक्षयाची ती १२ ग्रॅम हिमोग्लोबिनची रेषा मुलगी कुठं ओलांडते? मुखेडला चुलीपाशी, लातूरला मेसमध्ये, की मधल्या एसटीत? घर नांदेड जिल्ह्यात आणि हॉस्टेल लातूर जिल्ह्यात, तेव्हा भागीदार लातूरचाच हवा. निदान या वेळी चौकट भरायची म्हणून भागीदार शोधला नव्हता, एवढं समाधान होतं.

पण अर्जाला दोघं सारखे चालत नाहीत. एक अग्रणी लागतो, दुसरा सह. भागीदार क्रमांक एक आणि भागीदार क्रमांक दोन. ही गोष्ट इतर कुठल्या दोन जिल्ह्यांत सोपी असेलही. नांदेडनं महाराष्ट्राला शंकरराव आणि अशोकराव असे दोन चव्हाण मुख्यमंत्री दिले. लातूरनं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख दिले. सामना दोन-दोन असा बरोबरीत, त्यामुळे दुय्यम राहायची सवय दोन्हीकडे कोणालाच नाही. २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं. विद्यापीठ आमच्याकडे, तर त्याचं उपकेंद्र त्यांच्याकडे. आमच्याकडे गोदावरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आम्ही बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही. बारावीचा निकाल लागला की तेही काही बोलत नाहीत. नुसतं आमच्याकडे बघतात.

तर लातूरच्या डॉक्टरांना फोन केला.

“सर, लीड तुम्हीच राहा,” मी म्हणालो, मनात नसताना.

“छे छे, तुमची संस्था जुनी. तुम्हीच राहा,” ते म्हणाले, त्यांच्याही मनात नसताना.

असं आम्ही एकमेकांना बराच वेळ पाटावर बसवत राहिलो. शेवटी निकाल पोर्टलनं लावला. ज्याच्या नावानं लॉगिन तो अग्रणी, आणि लॉगिनचा ओटीपी आमच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर येत होता. इतिहासातले बरेचसे मोठे निर्णय असेच झाले असावेत असं मला हल्ली वाटतं.

करारावर सह्या करायला अहमदपूर ठरलं. आम्ही लोहा, माळाकोळी करत यायचं, त्यांनी चाकूर करत यायचं. अंतर दोन्हीकडून सारखंच, सत्तरेक किलोमीटर. तटस्थ भूमी. आमची गाडी माळाकोळीच्या पुढं गेल्यावर अकाउंटंटच्या लक्षात आलं. “सर, अहमदपूर लातूर जिल्ह्यात येतंय. म्हणजे आपणच त्यांच्याकडं चाललोय की!” त्यावर कोणी काही बोललं नाही, ड्रायव्हरनं फक्त वेग किंचित कमी केला. स्टँडजवळच्या हॉटेलात टेबल पुसून घेतलं, त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ५०० रुपयांचा स्टॅम्प ठेवला. २०२४ च्या ऑक्टोबरापर्यंत हेच काम १०० रुपयांत व्हायचं. परस्पर विश्वास तेव्हापासून पाचपट महागला आहे. वाद उद्भवल्यास कोणत्या न्यायालयाचं कार्यक्षेत्र राहील, या कलमापाशी दोन्ही पक्ष अचानक चहात साखर ढवळू लागले. ‘सामोपचाराने मिटवावा’ असं लिहून ते कलम तिथंच निजवलं. मग शिक्के निघाले. आमच्या गोल शिक्क्याचं पॅड वाळून गेलेलं. हॉटेलमालकानं गल्ल्याखालून आपलं पॅड काढून दिलं, शिक्का नीट उमटतो का ते स्वतः वाकून बघितलं आणि “दाबून धरा सर, सोडू नका,” असं सांगितलं. त्या करारावर संस्थांची दोन आणि साक्षीदारांची दोन मिळून चार नावं आहेत. ज्याच्या शाईनं तो कायदेशीर झाला तो पाचवा कुठंच नाही. निघताना बिलावरून ओढाताण झाली. अर्जात खर्चाची विभागणी ६० आणि ४० टक्के अशी रीतसर होती. चहाच्या बिलात मात्र दोघंही १०० टक्के वाटा मागत होते.

कराराच्या जोडीला पाठिंब्याचं पत्र लागतं. भागीदार संस्थेनं आपल्या लेटरहेडवर लिहायचं, की अग्रणी संस्था किती कर्तबगार आहे आणि तिच्यासोबत काम करायला आपण किती उत्सुक आहोत. आता सगळ्यांना कामं असतात, त्यामुळे हे पत्र ज्याला हवं त्यानंच लिहून पाठवायचं, समोरच्यानं सही करायची, असा शिष्टाचार पडला आहे. स्वतःचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून लिहिताना माणसाची फार कसोटी लागते. फार केलं तर लाज वाटते, कमी केलं तर गुण कापले जातात. मी आमच्या संस्थेला ‘अत्यंत अनुभवी’ म्हटलं, कारण अनुभव खराच होता आणि ‘अत्यंत’ ओळीच्या शेवटी बरोबर बसत होतं. लातूरहून पत्र सही-शिक्क्यानिशी परत आलं. एकच दुरुस्ती होती. ‘अत्यंत’ काढलेलं होतं.

परदेशातून पैसा यायचा असेल तर गंमत आणखी वाढते. २०२० साली परकीय अंशदानाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा पैशाचं मुख्य खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या शाखेतच उघडावं लागतं. किनवटच्या जंगलात काम करणारी संस्था असो की कोकणातली, पैसा आधी राजधानीचं दर्शन घेऊन मगच गावाकडं निघतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि मुख्य म्हणजे, हा पैसा ज्या संस्थेला मिळाला तिनं तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. देणगीदाराचा फॉर्म म्हणतो, भागीदार आणा, त्याशिवाय तुमचं काम टिकाऊ कसं म्हणायचं? कायदा म्हणतो, भागीदार जरूर आणा, पण त्याच्या हातावर काही ठेवू नका. आमच्या भागात पूर्वी वारंगुळा चालायचा. एक बैल तुझा, एक माझा, आज तुझी पेरणी, उद्या माझी. तिथंही कोणी कोणाला पैसे देत नसे. तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या मनात वारंगुळाच असावा, अशी मी समजूत करून घेतली आहे. फक्त त्यात बैलांचं लेखापरीक्षण नव्हतं.

अशा वेळी मला बार्शी आठवते. लातूरशी बार्शीचा संबंध जुना. बार्शी लाइट रेल्वेची ती अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोचली होती. त्याच बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ पासून तिथं ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, पण नोंदवहीत शेजारचे परंडा आणि भूमही आहेत, म्हणजे जिल्ह्याची हद्द कर्करोगाला ठाऊक नसते हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. १९९९ च्या ऑक्टोबरात या मंडळींनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे १९८२ पर्यंत लातूर ज्याच्या पोटात होतं त्या आत्ताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. भागीदार बघा. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल, फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, आणि पैसा सिएटलच्या गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ गट केले, १३-१३ गटांचे चार भाग, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीची सेवा. २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं निष्कर्ष छापले. तपासणी न झालेल्या भागात या कर्करोगानं ६४ मृत्यू, एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या भागात ३४. त्या चौथ्या भागातल्या बायकांना नुसती माहिती देऊन थांबणं योग्य होतं का, यावर पुढं बरंच वादळ उठलं, आणि ते उठायलाच हवं होतं. ६४ आणि ३४ मधलं अंतर म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या बायका होत्या. पण जगभरच्या डॉक्टरांना एक चाचणी किती जीव राखते हे कळलं ते परंडा-भूमच्या शेजारून. त्या निबंधावरची लेखकांची लांब यादी मी कधीतरी नुसतीच वाचत बसतो. शंकरनारायणन, नेने, जयंत यांच्या मागोमाग हिंगमिरे, थोरात, केळकर, पानसे. धाराशिवच्या स्टँडवर हाक मारली तर कोणीतरी वळून बघेल अशी ही आडनावं, लिऑनच्या माणसांना खेटून उभी आहेत. त्यांच्यात भागीदार क्रमांक दोन कोण होता हे निबंध वाचून कळत नाही.

त्या अभ्यासातले गावांचे गट ५२. आणि किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेली गावंही ५२. आकड्यांच्या अशा गाठीभेटींना काही अर्थ नसतो, पण आमच्याकडं ‘बावन्न’ म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक निजलेले. माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीहून फार लांब नाही. नंतरचे कित्येक महिने आजी पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि शेडच्या दारात माणसांची रीघ होती. धान्य आलं, घोंगड्या आल्या, डॉक्टर आले आणि त्यांच्या मागून वह्या घेतलेली मुलं आली. झोप लागते का, भूक लागते का, आवाज झाला की दचकायला होतं का, गेलेली माणसं स्वप्नात येतात का. आजी प्रत्येकाला बसायला पोतं द्यायची. एकदा असाच एक विद्यार्थी कागद काढून सुरुवात करणार तोच ती म्हणाली, “बाळा, परवा दिवशीच्या पोरानं बी हेच इचारलं. त्याच्या आदल्या पोरीनं बी हेच. तुमची एकमेकांशी गाठ पडत न्हाई का रे?” मुलगा गप्प बसला. मग तिनंच त्याला विचारलं, “भूक लागली का ते तू सांग आधी.” आणि भाकरी वाढली.

भागीदार संस्थेची ती चौकट बहुधा अशाच कुठल्यातरी आजीनं मागितलेली असणार. जगातल्या मोठ्या कार्यालयांत ती पुढं शब्दमर्यादेसह छापली गेली, एवढंच. हे एकदा मनात आल्यापासून मी तिच्यावर फार चिडत नाही.

त्या चौकटीनंतर येते ती एथिक्स कमिटी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, डॉक्टर हवेत, कायदा जाणणारा हवा आणि एक सामान्य माणूस हवा. सामान्य म्हणजे लिहिता-वाचता येणारा, आणि गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय क्षेत्रात पोटापाण्याचं काही न केलेला. आमच्याकडं हे पद वजिराबादेतल्या एका कापडदुकानदार काकांकडं आहे. ‘सामान्य सदस्य’ म्हणून त्यांना रीतसर नेमणूकपत्र मिळालं, ते त्यांनी दुकानात गल्ल्यामागं लावलंय. पहिल्या बैठकीत त्यांनी आमचं संमतीपत्र हातात घेऊन आधी दोन बोटांत कागद चोळून पाहिला. मग विचारलं, “हे वाचून सांगायला किती वेळ लागतो?” वीस मिनिटं, आम्ही म्हणालो. “गिऱ्हाईक वीस मिनिटं नुसतं ऐकत बसलं ना सर, की समजावं, त्याला घ्यायचं नाही, उठायचा संकोच वाटतोय.” सहा पानांचं संमतीपत्र त्या वाक्यानं दोन पानांवर आलं. मला काळजी आहे ती वेगळीच. काकांना प्रशिक्षण झालं, त्याचं प्रमाणपत्र मिळालं आणि परवा ते ‘सॅम्पल साइझ पुरेशी वाटत नाही’ असं म्हणाले. सामान्यपणा टिकवणं किती कठीण असतं! आणखी दोन-तीन बैठकांनी आम्हाला नवा सामान्य माणूस शोधावा लागणार.

अर्जातल्या कामाच्या वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला, तो अजून प्रत्येक अर्जाला चिकटलेला असतो. आम्ही डिसेंबर-जानेवारीवरून एक ठसठशीत निळी पट्टी ओढली: लातूर शहरात रक्ततपासणी. लातूरच्या डॉक्टरांनी त्यावर पेन्सिलनं बारीक फुली मारून पाठवली. शेजारी लिहिलं होतं, ‘येळवस’. वेळा अमावस्येला अख्खं लातूर शेतात असतं, भज्जी, आंबील आणि उंड्यांपुढं बसलेलं. बाजारपेठ बंद, रस्ते मोकळे. त्या दिवशी सुई टोचून घ्यायला शहरात कोण सापडणार? निळ्या पट्टीत एका दिवसाची पांढरी फट ठेवली. परीक्षकांना ती छपाईतली चूक वाटली असेल.

अर्ज करण्याआधी प्रश्नावली थोड्या मुलींवर घासून पाहायची असते, तशी आम्ही पाहिली. मुली १६-१७ वर्षांच्या, त्यामुळे त्यांचा स्वतःचा होकार लातूरला घ्यायचा आणि पालकांची संमती गावाकडं. मुखेड तालुक्यातल्या एका आईला आशाताईंनी ओसरीवर बसून दोन पानी कागद वाचून दाखवला. ‘आपण कोणतेही कारण न देता या अभ्यासातून कधीही बाहेर पडू शकता’ हे वाक्य आलं तशी ती बाई हसायला लागली. “कारण न सांगता कवाबी बाहेर पडा म्हणताव? असा कागद आमच्या सासरच्यायनी दिला आस्ता तर लई बरं झालं आस्तं की ओ!” हसत हसत सही केली, अक्षर सुबक होतं. सही झाली, पण तो कागद लातूरला पोचवायचा राहिला. आमचा माणूस पुढच्या आठवड्यात जाणार होता. त्याच्या आधीच कागद पोचला. डब्यातून.

त्या डब्याची हकीकत आम्हाला प्रश्नावलीतून कळली. आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खाता, या प्रश्नावर तिच्या मुलीनं उत्तर दिलं होतं, “डबा येतो त्या दिवशी.” पर्याय चार होते, त्यात हा नव्हता. विचारत गेलो तेव्हा उलगडलं. पहाटे आई भाकरी थापते, मेथी किंवा तांदूळजा परतते, कारळाची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू वेगळ्या पुडीत. स्टीलचा डबा जुन्या ब्लाउजपीसच्या पिशवीत, पिशवीला सुईदोऱ्यानं शिवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर स्केचपेननं मुलीचं नाव आणि मोबाइल नंबर, पाऊस असेल तर वर पारदर्शक चिकटपट्टी. बाप सायकलवर स्टँडला नेतो. लातूरला जाणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर तो आपल्या सीटमागं ठेवतो. नियमात बसतं की नाही हे कोणी विचारलेलं नाही. लातूरच्या स्टँडवर गावचाच एक मुलगा मेडिकल दुकानात कामाला आहे, तो दुपारी उतरवून घेतो आणि हॉस्टेलच्या वॉचमनमामांकडं देतो. वॉचमनमामांना त्यातला एक लाडू. रिकामा डबा त्याच वाटेनं परत. हे सगळं ती मुलगी इतकं सहज सांगत होती, जणू वाहतूक, साठवणूक आणि वितरण अशा तीन भागीदारांचा हा प्रकल्प प्रत्येकीच्या घरी असतोच. संमतीपत्र आमच्या फाइलीत लागलं तेव्हा त्याच्या उजव्या कोपऱ्यावर चटणीच्या तेलाचा पारदर्शक डाग होता, त्यातून खालच्या पानावरची अक्षरं वाचता येत होती. अकाउंटंट म्हणाला नवीन सही घेऊ या. आमचे डॉक्टर म्हणाले, राहू दे.

प्रश्नावलीत मग एक प्रश्न वाढला: घरून डबा येतो का? त्यावर आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी फोन केला. उत्तर हो-नाही असं धरायचं, की आठवड्यातून किती वेळा, की डब्याचं वजन? अर्धा तास चर्चा चालली. वजन मोजायचं तर ड्रायव्हरच्या सीटमागं काटा ठेवावा लागेल, असं लातूरच्या डॉक्टरांनी गंभीरपणे सुचवलं, आणि मॅडमनी ते तितक्याच गंभीरपणे लिहूनही घेतलं.

अर्ज मुदतीच्या रात्री, पोर्टल बंद व्हायच्या थोडं आधी गेला. काही महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. एकानं लिहिलं होतं, इतक्या छोट्या अभ्यासाला दोन संस्थांची गरज काय? दुसऱ्यानं लिहिलं होतं, भागीदारी स्तुत्य आहे, मात्र व्याप्ती वाढवण्यासाठी शेजारच्या आणखी एखाद्या जिल्ह्यातली संस्था घेता येईल का? दोन्ही सूचनांची पूर्तता करून अर्ज पुन्हा पाठवावा, असं खाली कळवलं होतं. संध्याकाळी लातूरच्या डॉक्टरांचा फोन आला.

“परभणीला कोणी ओळखीचं आहे का तुमच्या?”

“आहे की सर. पण तिसऱ्या क्रमांकाला तयार होतील का?”

“व्हायला काय झालं? परभणीनं अजून मुख्यमंत्री कुठं दिलाय!”

मी म्हटलं, सर, जगात जर्मनी, देशात परभणी म्हणणारी माणसं आहेत ती. त्यांना फोन करायच्या आधी पोर्टलचा पासवर्ड बदलून घेऊ.